तीनशे एकसष्ट

रविवारी दीडला शटर अर्धं ओढतो
आणि झेरॉक्सच्या काचेवर मांडून बसतो जनावरं.
डिचोलीचा बाजार तोवर झोपलेला असतो.
खाणीच्या ऑफिसातून लिलावात आणलेलं हे मशीन,
आधी खनिजाची चलनं छापायचं.
आता खवले मांजर छापतं, तीन-चार,
तीन माराचं, चार सोसायचं.

हिशेब साधा आहे: आठ माणसं,
प्रत्येकी पंधराची तीन पाकिटं, म्हणजे तीनशे साठ.
एक उचला, उरलेली डावीकडे सरकवा.
नवं जनावर आत घ्यायचं तर एक जुनं बाहेर.
निवडणं म्हणजे मुळात काढणंच.

देवचार काढला. सात-सात, दिसायला दणकट,
पण मांडायला आठ फेऱ्या. तोवर डाव आटपतो
आणि पुंडलीक भज्यांचे पैसे मागायला लागतो.
गवा राहू दे. कुणाच्याही हातात चालतो,
म्हणून कुणालाच आठवत नाही.
पाणमांजर तर हवंच. दोन-एक, मरतं पटकन,
पण येताना मासा घेऊन येतं, म्हणजे एक पत्ता ओढायचा.
चांगलं जनावर मला आता असंच ओळखू येतं.
किती मोठं ते नाही बघत,
आल्याआल्या काय दिलं, गेल्यावर काय ठेवलं, तेवढंच.

मग कुर्ली.
नार्सिसने काढलेली, बॉलपेनाने,
एक नांगी दुसरीपेक्षा जाड कारण मध्येच शाई सुटली.
एक-एक. खाली त्याच्या अक्षरात नियम:
आडवी चालते. समोरच्याला मारू शकत नाही,
फक्त शेजाऱ्याला.

आम्ही खेळतो दोघा-दोघांत. शेजारी कुठून आणायचा?
"बाजूच्या टेबलावरून," नार्सिस म्हणाला होता,
आणि सरळ उर्वीच्या डावात घुसवली होती कुर्ली,
तिचा शेवटचा श्वास नेला होता,
जिंकत असताना.
अर्धा तास भांडण. पातळभाजी गार.
उर्वीने पत्ता दोनदा वाचला आणि म्हणाली,
लिहिलंय खरं तसं.

नार्सिस गेला त्याला दोन पावसाळे झाले.
आधी लिस्बन, मग इंग्लंडात कुठल्याशा गोदामात,
रात्रपाळी. फोटो पाठवतो बर्फाचे, खाली काही न लिहिता.
आम्ही सात जण उरलो.
प्रत्येक रविवारी पंचेचाळीस पत्ते पेटीतच राहतात
आणि कोणते, ते कधीच कळत नाही.
आठ होतो तेव्हा फोडलेलं पाकीट
नवव्या खेपेला फिरून हातात यायचं.
आता आठव्यालाच येतं.

कुर्ली काढली मी. काढायलाच हवी होती.
बिस्किटांच्या डब्यात ठेवली, दमट लागू नये म्हणून
तांदळाच्या पुरचुंडीसकट,
आणि तिच्या जागी उर्वीचा धनेश घेतला,
जो खरंच चांगला आहे.

परवाच्या रविवारी दुसरं पाकीट फोडलं
तर तिसरा पत्ता कुर्ली.
कव्हर नवं, कोरं, बाकीच्यांसारखं पिवळं न पडलेलं.
मी वर पाहिलं.
प्रज्योत नखं खात होता. उर्वी पत्ते लावत होती.
सेबी म्हणाला, उचल रे लवकर, दिवस बुडला.

पाणमांजर उचललं मी.
दुसरं काय उचलणार, त्याच पाकिटात होतं.
आणि कुर्ली सरकवली डावीकडे,
मनात म्हटलं, कोण घेतंय, येईलच फिरून.

आठव्या खेपेला पाकीट आलं, आठ पत्त्यांचं.
गवा होता. अळंबी होती. दोन बेडूक होते.
कुर्ली नव्हती.

रात्री नऊपर्यंत कुणीही ती मांडली नाही.
सगळे पत्ते परत आले, रबर लावून ठेवले,
पुंडलीकने प्लेटा उचलल्या,
मी दोनदा मोजले.

डबा मात्र अजून उघडून पाहिलेला नाही.